कमळाखालचा चुरा

आमच्या गावचं महादेवाचं देऊळ लय जुनं हाये, असं गावात सारेच छाती फुगवून सांगतात, आन येवढं जुनं हाये म्हून त्याले लवकरात लवकर नवं केलं पायजे, असंही तेच सांगतात. मी लग्न होऊन आली तवा एकोनीस वर्षांची होती, नववीतून शाळा सुटलेली, आन मले साऱ्याच गोष्टीचं भेव वाटे. पालीचं, जीपच्या हॉर्नचं, उतू जानाऱ्या दुधाचं, आन आत्याबाईच्या खोकल्याचं त सगळ्यात जास्त. आत्याबाई म्हंजे माही सासू. आत्याबाई खोकलली का समजायचं, आपलं काईतरी चुकलं. काय चुकलं ते ज्यानं त्यानं शोधायचं. माहेर माहं सोनाळ्याचं, पार तिकडं सातपुड्याच्या पायथ्याले, आन सासर धाडजवळच्या खेड्यात. जिल्हा एकच, पन मी "काऊन" म्हटलं का इथल्या बाया पदर तोंडाले लावून हासत, जशा काई ह्या पुन्याहून उतरल्या.

आमचं घर पूजाऱ्याचं. देवळाच्या मागच्या भिंतीले लागून दोन खोल्या, पुढं पत्र्याचं छप्पर. सकाळी मामाजी, म्हंजे माहे सासरे, घंटा वाजवत तवा आमच्या मांडनीवरची भांडी थरथरत. पिंडीवरच्या गळतीचं पानी टप टप पडे ते भिंतीतून आयकू ये, आन माही पोट्टी झाल्यावर तिले झोपवाले मले अंगाई लागलीच नाई, देवाचंच पानी पुरलं. सैपाक झाला का ताट पह्यले देवाले जाये. आपन घरात भाकर, वरन, मिरचीचा ठेचा घेऊन वाट पाहायची. देव काई खात नाई, पन थंड करून मात्र बरोबर देते. मी त्या घरात आल्यापासून गरम वरन खाल्लं ते फक्त माहेरी गेल्यावर. नैवेद्याचं ताट आत्याबाईच्याच हातचं, तीस वर्षांपासून. त्या ताटाले मी हात लावलेला तिले खपे नाई. गावात तिचा मान होता तो त्या ताटाचा, बाकी आमच्या घरात मान ठेवाले जागा कुठं होती!

देवळात झाडायचं काम मात्र माह्याकडं आलं, कारन झाडन्यात काई मान नसते. उजाडता उजाडता मी पोट्टीले पाठीले बांधून आत जाये. काळ्या दगडाचं हेमाडपंती देऊळ. सोळा खांब, आन साऱ्या देवळात चुन्याचा एक थेंब नाई. एका दगडाले खाच, दुसऱ्याले जीभ, आन वरच्याचं वजन खालच्याच्या खांद्यावर, असं ते उभं हाये. मामाजीच्या दोन्ही डोयात मोतीबिंदू, पन हातानं चाचपून सांगत, "हे पाह्य रुपाली, खांब खाली चौकोनी, मधात आठ कोनी, वर गोल. मानूस बाहेरून येते तवा चौकोनी असते, त्याचे कोपरे दुसऱ्याले टोचतात. आत येता येता कोपरे झिजले पायजेत, म्हून बांधनाऱ्यानं तसे खांब केले." मले ते लय आवडलं. गावचे लोक चौकोनी येत आन चौकोनीच जात ते सोडा, पन खांबायनं आपलं काम केलं होतं.

मधात छत होतं. चौकोनात तिरपा चौकोन, त्यात आनखी चौकोन, असं लहान लहान होत जाऊन शेवटी एका अख्ख्या दगडाचं कमळ, उलटं, पाकळ्या खाली उमललेल्या. त्याच्या बरोब्बर खाली जमिनीत एक गोल शिळा. आन पुढं पाच पायऱ्या खाली उतरून गाभारा, तिथं भर दुपारीही दिवा लागे. मामाजी म्हनत, देवाकडं जायाचं असलं त मानसाले खाली उतरा लागते, वर चढून देव भेटत नाई. मले मंतर येत नाईत, स्तोत्र येत नाई, पन त्या पाच पायऱ्या उतरल्या का माह्या छातीतली धडधड आपोआप कमी होये. दगड थंडगार, अंधार, बेलाचा वास. तिथं मले कोनी विचारे नाई का दूध काऊन उतू गेलं. आता लोक मले विचारतात, तुमची देवावर श्रद्धा हाये का. देवाचं मले मोप माहीत नाई, पन त्या दगडावर हाये.

आमच्या गावची एक रीत हाये. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, वर्षात जन्मलेली सारी लेकरं कमळाखाली ठेवायची. कमळ दाखवनं म्हनतात. आईनं लेकरू उघडंनागडं त्या गोल शिळेवर ठेवायचं आन मागं खांबापाशी जायाचं. साऱ्यायनं दूर व्हायचं. लेकरू एकटं रडते, हातपाय झाडते, मंग केव्हातरी वर पाह्यते आन कमळ पाहून गुमान होते. तवा मामाजी घंटा वाजवत. लेकरानं कमळ पाह्यलं का जन्मभर त्याच्या डोक्यावर छत राह्यते, असं मानतात. पह्यला मान पूजाऱ्याच्या घरच्या लेकराचा. त्या वर्षी आमच्या घरचं लेकरू म्हंजे माही आरोही, नऊ महिन्याची. नाव टीव्हीतून ठेवलं, ते आत्याबाईले आजवर पसंत नाई.

त्याच वर्षी गावात जीर्णोद्धार समिती झाली. अध्यक्ष नाना. नानाचं वावर मोठं, आवाज मोठा, आन देवळात येत ते शिवरात्रीले आन फोटो काढायचा असला का. समितीनं पह्यले काळ्या दगडाले गुलाबी ऑइलपेंट दिला. खांबावर कोरलेल्या हत्तीले सोनेरी, कीर्तिमुखाचे दात पांढरे शुभ्र, जसं काई ते आत्ताच दवाखान्यातून दात साफ करून आलं. मंग सांध्यात सिमेंट भरलं, कारन ठेकेदार म्हने, "येवढ्या फटी कोन ठेवते हो!" ज्यायनं ठेवल्या त्यायले विचाराले कोनी उरलं नव्हतं. मंग चिखलीहून चकचकीत फरशी आली. आता फरशी पडली चौकोनी, सरळ लाइनीची, आन मधला एक खांब त्याच्या पायथ्यापाशी टीचभर बाहेर आलेला. लाइन तुटे. नाना म्हने, "लाइन तुटली नाई पायजे, फोटोत वाकडं दिसते." मंग ठेकेदाराच्या मानसानं कटर लावला आन खांबाचा पाय तासला. फरशी सरळ बसली. पायाखाली गुळगुळीत लागलं, ते साऱ्या गावाले बरं वाटलं.

तिसऱ्या दिवसापासून मले झाडताना चुरा सापडाले लागला. आधी मी वटवाघळाचं झाडे, वाळला बेल झाडे, आता गोल शिळेवर मूठभर काळी भरड, ज्वारीच्या कन्यासारखी. झाडून टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी त्यात बोराएवढा खडा. मी वर पाह्यलं त कमळाच्या दोन पाकळ्याच्या मधात केसासारखी रेघ. मी सगळ्याले भेते, रेघेलेही भ्याली. पन ते भेव निराळं होतं. पालीले भेलं त मानूस पळते. ह्या भेवानं मी तिथंच उभी राह्यली आन पाठीवरच्या आरोहीचे पाय घट्ट धरले.

चुरा मी पानाच्या डब्यात भरून ठेवला आन एकेकाले दाखवला. मामाजीनं बोटानं चोळून पाह्यला. म्हने, "पाखरं असतील वं माय." आमचे हे धाड ते बुलढाना काळीपिवळी जीप चालवतात, ते जेवता जेवता म्हने, "तू इंजिनीअर केव्हा झाली वं? नववी नापास ना तू?" मी म्हटलं, "नापास नाई, सुटली." ते म्हने, "एकच." मंग मी पदर डोक्यावर घेऊन, घाम पुसत, नानाकडं गेली. नानानं डबा उघडलाही नाई. "सूनबाई, हे देऊळ हजार वर्षं उभं हाये. तू दोन वर्षं झाली आली. तुह्या झाडन्यानं पडनार नाई ते." बाजूले बसलेले हासले. एकजन म्हने, "झाडू जरा हळू मार, बाई." आत्याबाईले मी दाखवलंच नाई. आत्याबाई खोकलली असती.

शिवरात्री आली. घरात भगर, शेंगदान्याची आमटी, उकडलेली रताळी, आन साऱ्या गावाचे पाय आमच्या अंगनात. समितीनं त्या वर्षी डीजे आनला होता. देवळाच्या बाहेर नाई हो, बाहेर ऊन लागते मशीनले. आत, मंडपात, खांबाले टेकवून मानसाएवढे दोन डबे. संध्याकाळी त्यायनं वाजवून पाह्यलं त आमच्या मांडनीवरची भांडी थरथरली नाईत, खाली पडली. सकाळी झाडाले गेली त शिळेवर चार मुठी चुरा, आन रेघ आता केसासारखी राह्यली नव्हती, त्यात माही करंगळी गेली असती. मी आमच्या ह्यायले हलवून उठवलं. "आज आरोहीले तिथं नाई ठेवायचं." ते म्हने, "पह्यला मान आपला हाये. येडी झाली का? लोक थुंकतील तोंडावर." कूस बदलली आन झोपले.

दुपारी मंडप गच्च भरला. पाच लेकरं होती त्या साली, पाच आया, आन पाठी साऱ्या गल्ल्यातल्या बाया. नाना माईकवर, गळ्यात उपरनं. मी आरोहीचं झबलं काढलं, ते हासून राह्यली, तिले वाटलं आंघोळ हाये. मी गोल शिळेवर उभी. "सूनबाई, ठेव पोट्टीले आन मागं हो." डीजेवाल्यानं एक ठोका दिला, धम्म, आन वरून चिमूटभर चुरा आरोहीच्या कपायावर पडला.

मी ओरडली. माहं मलेच समजलं नाई का येवढा आवाज माह्यात हाये. "वरून खडे पडून राह्यले! सारे बाहेर व्हा, दगड निसटून राह्यला!"

मंग पुढची एक बुढी हात जोडून म्हने, "अवं माय, अंगारा हाये तो! देवानं पोट्टीले अंगारा लावला!" आन झालं. ज्याले त्याले अंगारा पायजे. बाया पुढं सरकल्या, हात पसरून, पदर पसरून. नाना माईकवर म्हने, "भाविकायनं गर्दी करू नये, अंगारा साऱ्यायले भेटन." डीजेवाल्याले वाटलं देव प्रसन्न झाला, त्यानं आनखी एक ठोका दिला. धम्म. बायायनं खाली पडलेला चुरा कपायाले लावला. जो चुरा मी पंधरा दिवस डब्यात घेऊन दारोदार हिंडली आन कोनी पाह्यला नाई, तो त्यायनं डोक्याले लावला. चार आया आपापली लेकरं पुढं करून राह्यल्या होत्या.

मंग मले ते सुचलं. कुठून सुचलं ते देवाले ठाव. मी म्हटलं, बिलकुल हळू आवाजात, पन नानाचा माईक जवळच होता, "मी बाहेरची हाये."

तुमाले सांगते, दगड पडतो म्हटल्यावर एक मानूस हालला नव्हता. पन बाई कावळा शिवलेली मंडपात उभी हाये म्हटल्यावर ते देऊळ असं रिकामं झालं, जसं पोतं उलटं केलं. लेकरं घेऊन आया पळाल्या, बुढ्या पळाल्या, डीजेवाल्यानं वायर उपटली. नाना त उपरनं सांभाळत पह्यल्या नंबरानं बाहेर. गाभाऱ्यात मामाजी, चौकटीपाशी आत्याबाई, आन शिळेवरून उतरून दोन पावलं मागं आलेली मी, आरोहीले छातीशी धरून. बस. दारातून साऱ्या गावाचे डोये.

"कवापासून?" नाना बाहेरून ओरडला. "घरात कोनाले माहीत नव्हतं? पूजाऱ्याच्या घरात?"

सारे आत्याबाईकडं पाहून राह्यले. अशा गोष्टीचा हिशेब घरातल्या बुढीच्या जिभेवर असते. आन आत्याबाईले पक्कं ठाव होतं. नऊ दिवसाअगोदरच मी चार दिवस छपरात बसून उठली होती, माह्या डोक्यावर पानी तिनंच घातलं होतं. मले वाटलं, आता संपलं. देवळात खोटं बोलली, तेही असलं खोटं. आता माहेरची जीप.

आत्याबाईनं माह्याकडं पाह्यलं. मंग वर पाह्यलं. तशी कितीतरी वेळ पाहून राह्यली, मान मागं टाकून, डोक्यावरचा पदर खाली पडेस्तोवर. मंग खोकलली आन दाराकडं वळून म्हने, "हाव. सकाळीच झाली ते. मले सांगतलं होतं तिनं. मीच म्हटलं जाय, गर्दीत कोन पाह्यते, मान जाईन आपला. चूक माही हाये, तिले काई म्हनू नका."

बाहेर जे बोलनं झालं ते मी लिहत नाई. नानानं तिथंच सांगतलं का आजपासून नैवेद्याचं ताट त्याच्या घरून येईन. तीस वर्षांचं ताट, आन ते एका वाक्यात गेलं. आत्याबाईनं फक्त पदर डोक्यावर घेतला.

देऊळ बाटलं म्हून कुलूप लागलं, आन शुद्धीसाठी चिखलीहून एक गुरुजी बोलावले. ते दुसऱ्या दिवशी आले, दारातच थांबले, वर पाह्यलं आन म्हने, "अहो, हे पडतंय ना! आधी टेकू लावा, मग शुद्धी." आन काय सांगू, येका क्षनात साऱ्या गावाले ती रेघ दिसली. नानाले त सगळ्यात जास्त दिसली. सांजेपर्यंत लाकडी बल्ल्या आल्या, कमळाखाली टेकू लागले, मंग शुद्धी होऊन कुलूप निघालं. पुढं मोप दिवसानं पुरातत्त्वाचा मानूस आला, त्यानं फटीवर काचेची पट्टी चिकटवली, म्हने ही फुटली त समजायचं दगड सरकून राह्यला. आठ दिवसात फुटली. मंग लोखंडी टेकू आले, तासलेल्या खांबाले नवा पाय बसवला, गुलाबी रंग घासून काढला. कार्यक्रमात नाना म्हने, समितीच्या सावधपनामुळं मोठा अनर्थ टळला. आम्ही मागं उभ्या होतो, टाळ्या वाजवल्या. दगड पडला असता त मी गावची देवी झाली असती. नाई पडला, म्हून सूनच राह्यली. तेच बरं. देवीले कोनी गरम वरन देत नाई.

आता आरोही आठवीत हाये. तिले कमळ दाखवलं नाई म्हून बाया अजून हळहळतात, पोरीच्या डोक्यावर छत कसं राह्यन म्हून. मी म्हनते, राह्यन, जरा वर पाहून चालते ते. तिले देवळाचं लय वेड, खांबाचे कोन मोजत बसते, आन मले विचारते, आई, तू खरंच येवढं खोटं बोलली होती का. मी म्हनते, एकदाच.

पन खरं सांगायचं राह्यलं ते चौथ्या दिवसाचं. खोटं म्हटलं तरी बाहेरची ते बाहेरचीच, लोक पाहून राह्यले होते, म्हून आत्याबाईनं मले पुरे चार दिवस छपरात बसवलं. भाकरीचं ताट दुरून सरकवे, तोंडातून शब्द नाई. आरोहीले पाजाले आनून दे आन पुन्हा घेऊन जाये. मी रडून रडून बारीक झाली. मले वाटे, हे चार दिवस सरले का बुढी बोलन, आन बोलली का माही बॅग भरली जाईन. नैवेद्याचं ताट आमच्या दारावरून नानाच्या घरून जाये, झाकलेलं, तवा आत्याबाई निसत्या चुलीत फुंकर घालत बसे.

चौथ्या दिवशी सकाळी मोरीत मी उकिडवी बसली. आत्याबाई तांब्या घेऊन मागं उभी. माह्याच्यानं राहवलं नाई. "आत्याबाई, तुमाले ठाव होतं ना, मी खोटं बोलली ते?"

"मान खाली कर."

मी मान खाली केली. "तुमचं ताट गेलं माह्यापायी."

"तीस वर्षं त्या कमळाखालून ताट नेलं," आत्याबाई म्हने, "ताटातलं वरन सांडू नाई म्हून डोये खाली. वर पाह्यलंच नाई कधी. तू ओरडली म्हून पाह्यलं." पानी पडलंच नाई डोक्यावर, तांब्या तसाच धरून राह्यली. "माह्या दोन लेकरायले मीच ठेवलं होतं त्याच्याखाली."

मागून खोकला आला.

"पुढच्या खेपी असं खोटं बोलायचं असलं त आधी मले सांगत जाय वं," आत्याबाई म्हने. "लय घाई झाली माही."

आन तांब्या डोक्यावर ओतला.